पंप नंबर तीन

हेल्व्हिकला डिसेंबरात सूर्य उगवायचं सोडून देतो,
म्हणून रात्रपाळी नेमकी कुठली
हे पगाराच्या कागदावरच कळतं.
मी बर्फातले बूट काढते, रबरी चढवते,
कंपनीचे पिवळे कप कानांवर दाबते
आणि आत जाते.
आठ टाक्या. एकेकीत चाळीस हजार पिल्लं, सामनची,
बोटाएवढी, एकाच दिशेला तोंड करून
गोल, गोल, गोल.

पंपांचा आवाज ऐकू येतो असं नाही,
तो अंगात असतो, मुरलेल्या तापासारखा.
पाण्यात तो किती, ते हिल्डेगुन बाईंनी मोजलं.
दोरीला बांधलेलं काळं बोंड टाकीत सोडलं,
आलेख पाहिला,
मला विचारलं, हे बंद कधी होतं?
म्हटलं, होत नाही.

मग टाकी चारमधली दहा पिल्लं उघडली त्यांनी.
चाऱ्याचा पाऊस पडत असून पोटं अर्धी रिकामी,
शेपट्या एकमेकांनी कुरतडलेल्या,
रक्तात भीतीचं रसायन, शिळं, रोजचं.
आणि कानातला खडा –
हो, माशाच्या कानात खडा असतो,
मोहरीहून लहान, दुधी –
यांचा काचेसारखा, वेडावाकडा.
"आवाजानं की वाढीच्या घाईनं, सांगता नाही येत," त्या म्हणाल्या.
"निम्मी बहिरी असतील."
चिमटा पुसला.
"उरलेली निम्मी कमनशिबी."
अहवालात हे शेवटचं वाक्य नव्हतं.

माशाला पापणी नसते, हे शाळेत शिकवतात.
कानांवर ठेवायला हातही नसतात,
याचा धडा नव्हता आम्हाला.

मग तो मंगळवार. वाऱ्यानं कुठला तरी खांब पाडला
आणि तीन वाजून दहा मिनिटांनी
सगळं थांबलं.

मी कप काढले.
अंधारात मला पहिल्यांदा ती ऐकू आली:
चाळीस हजार कल्ल्यांची बारीक सळसळ,
कुणी रेशमाचा तागा उलगडावा तशी.
बॅटरी मारली. गोल मोडलं होतं.
पिल्लं इकडे तिकडे, वर खाली, काही चक्क स्थिर,
जत्रा उठल्यावर मैदानात रेंगाळणाऱ्या पोरांसारखी.

पण त्यांचा श्वासही त्याच पंपांतून येतो.
ऑक्सिजनचा काटा उतरत होता, नऊ, आठ, सात,
आणि मी बघत उभी.
किती वेळ, ते कुणाला सांगितलेलं नाही.
मग धावले, सिलिंडरची चावी दोन्ही हातांनी फिरवली,
आठही टाक्यांत बुडबुडे सोडले,
आणि मागच्या खोलीतला जनरेटर
खोकत, खाकरत जागा झाला.
पाण्यावर एक शहारा गेला.
सगळ्यांची तोंडं पुन्हा एकाच बाजूला.

आस्लाकला सांगितलं, पंपांखाली रबर घाला.
तो वाईट माणूस नाही.
म्हणाला, वसंतात बघू, ओडनी, बजेट आल्यावर.

बाबा एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत होते.
आता त्यांना माझं बोलणं ओठांवर दिसतं तेवढंच पोचतं,
घरातलं धुण्याचं यंत्र ते
जेवणाच्या टेबलावर हात ठेवून ऐकतात.
रविवारी हट्टानं आले माझ्याबरोबर.
कप देऊ केले, तर हसले.
मग टाकी चारपाशी गेले, हातमोजा काढला
आणि पूर्ण तळवा भिंतीला लावला,
गाभण गाईच्या पोटाला लावतात तसा.
बराच वेळ.
वरून मला दिसत होतं, आत पिल्लांचा घोळका
तेवढ्या भागाला वळसा घालून जात होता.

"तीन नंबर," ते ओरडले,
बहिरी माणसं ओरडतात तसे, कुणावर न रागावता.
"बेअरिंग गेलंय. फार दिवस झाले असणार."

वहीत रकाने आहेत: तापमान, ऑक्सिजन, मेलेली.
मी समासात लिहिलं, पेन दाबून,
पंप तीन, बेअरिंग,
आणि तारखेपुढची जागा
मोकळी ठेवली.